बाबांच्या हातचं पोलकं

मुंबई, २० नोव्हेंबर १९६६

तीर्थरूप बाबा,

वाकून नमस्कार.

दिवाळीत चार दिवस तुमच्या मशीनशेजारी बसून काजं केली, गप्पा मारल्या, आणि जे सांगायचं ठरवून आले होते ते तसंच पोटात घेऊन परत गेले. तोंडावर धीर झाला नाही, म्हणून आता कागदावर सांगते.

जानेवारीपासून मला पुढच्या शिक्षणासाठी एखाद्या खात्यात रजिस्ट्रारची, म्हणजे शिकत शिकत काम करणाऱ्या डॉक्टरची, जागा मिळवायची आहे. तुमच्या मनात बाळंतपणाचं खातं आहे, ते मला ठाऊक आहे. सगळ्यांना वाटतं की मुलगी आहे, तर तिथेच जाणार. पण बाबा, मला त्वचारोगाच्या खात्यात जायचंय. तिथे एकच जागा आहे आणि अर्ज करणारे आम्ही अकराजण, त्यात मुलगी मी एकटीच. मुलाखत १२ डिसेंबरला आहे.

आता उरलेलं एका दमात सांगते. या खात्याचं पूर्ण नाव 'त्वचा व गुप्तरोग' असं आहे. तिथे दोन्ही प्रकारचे रोगी येतात आणि दोन्ही तपासावे लागतात. तुम्ही रागावलात तरी चालेल, पण रागावल्याचं लिहा. गप्प तेवढे बसू नका. तुम्ही गप्प बसलात की मला काही सुचत नाही.

तुमची,
शालू

———

बोईसर, २५ नोव्हेंबर १९६६

चि. शालू हिस,

आशीर्वाद आहेतच. ते काही रागावल्यावर कमी होत नाहीत.

तुझं पत्र आलं तेव्हा दुकानात गिऱ्हाईक बसलेलं होतं. कृष्णकांत पोस्टमनने नेहमीसारखं म्हटलं, "वाचा की टेलरमास्तर, डॉक्टरीणबाई काय म्हणते ते आम्हालाही कळू द्या." तुझी सगळी पत्रं मी मोठ्यानं वाचतो हे तुला माहीत आहेच. मी वाचत गेलो. 'पूर्ण नाव त्वचा व' इथपर्यंत आलो आणि पुढचा शब्द दिसला. पुढचं मी मनानंच रचून वाचलं, की थंडी पडली आहे, बाबा, स्वेटर घालत जा. सगळ्यांना फार कौतुक वाटलं.

शालू, मी काही आडमुठा नाही. पण नगरकडून मी एक कात्री घेऊन इथे आलो. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं, माणसं आली, त्यांच्या खाकी चड्ड्या शिवून मी नाव कमावलं. या नावात निम्मं नाव तुझं आहे. लोक विचारतात, मुलगी कशाची डॉक्टर होणार? बाळंतपणाची म्हटलं की बायका कानशिलावर बोटं मोडतात. आता काय सांगू?

आणि खरं सांगायचं तर लोकांचं नंतर. तुझी आई झुंबर ज्या दुखण्यात गेली, त्या दुखण्यातून बायका सोडवणारी तू व्हावीस असं मी तिला अग्नी दिला त्या दिवशी मनाशी धरलं होतं. तुला कधी बोललो नाही. आज बोललो.

रागावलेला,
खंडेराव (तुझा बाप)

———

मुंबई, २९ नोव्हेंबर १९६६

तीर्थरूप बाबा,

वाकून नमस्कार.

स्वेटरचं वाचून हसले आणि आईचं वाचून रडले. दोन्ही वॉर्डातच, त्यामुळे सिस्टरला वाटलं मला ताप चढलाय.

बाबा, आईला वाचवता येईल अशी डॉक्टर मी झाले तरी ती काही परत येणार नाही. हे लिहिताना मला फार वाईट वाटतंय, पण लिहिते. बाळंतपणाच्या खात्यात जायला माझ्या वर्गातल्या सगळ्या मुली तयार आहेत. त्या चांगल्या डॉक्टर होतील. इकडे यायला त्यांतली एकही तयार नाही.

गेल्या महिन्यात आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक बाई आली. हात पदराखाली. सासरच्यांनी तिला माहेरी आणून टाकली होती, का तर अंगावर डाग आले. तिचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं, पोर जवळ येऊ देत नव्हते. बाबा, तिला साधा गजकर्ण झाला होता! मलम दिलं, तीन आठवड्यांत अंग स्वच्छ. ती आनंदानं रडली नाही, संतापानं रडली. म्हणाली, एवढंच होतं तर मला आधी कुणी का नाही बघितलं? त्वचेच्या खात्यात सगळे पुरुष डॉक्टर, तिथे तिनं पदर काढलाच नसता.

या रोगांनी माणूस मरत नाही, पण घरातून उठतो. मला तिथे बसायचंय. जागा मिळाली तर तीन वर्षं. नाही मिळाली तर मी मुकाट्यानं तुमच्याजवळ पालघरला येईन आणि सर्दी-खोकल्याचा दवाखाना घालीन. पण मुलाखतीला जाताना तुमचा आशीर्वाद नुसता कागदावर नको, मनातून हवा.

तुमची,
शालू

———

बोईसर, ५ डिसेंबर १९६६

चि. शालू हिस,

सोबत पार्सल आहे, ते आधी उघड. पत्र काही पळून जात नाही.

उघडलंस? पोलकं तुझ्या मापाचं आहे. माप विचारायला लागलं नाही, दिवाळीत तुला पाठमोरी बघितली तेवढं पुरलं. कापड चांगल्यातलं आहे, अस्तर लावलं आहे, तुरपाई मशीनवर नाही, हातानं केली आहे. तिथे तुला तीन-चार मोठे डॉक्टर बघणार, तर शिलाई तरी त्यांना नावं ठेवायला जागा देणार नाही.

शेजारच्या रत्नाबाई मास्तरीण आहेत ना, त्यांना विचारलं, की पोरगी मोठ्या कामाला निघाली म्हणजे आईनं काय करायचं असतं? त्यांनी सांगितलं ते मी केलं आहे. मागे मानेपाशी गळपट्टीच्या आत एक बारीक गाठ लागेल हाताला. ती उसवू नकोस आणि कशाची आहे ते विचारू नकोस. ते आईचं काम होतं, मला जमेल तसं केलं.

तुझ्या खात्याबद्दल माझं मन अजून पुरतं वळलेलं नाही. पण त्या पदराखाली हात लपवणाऱ्या बाईचं वाचल्यापासून मशीन मधूनच थांबतं. जा, मुलाखत दे. बाकीचं मागाहून बघू.

तुझा,
बाबा

———

मुंबई, १३ डिसेंबर १९६६

तीर्थरूप बाबा,

वाकून नमस्कार.

मुलाखत झाली. छान झाली! तुमचं पोलकं सगळ्यांनी पाहिलं, म्हणजे अगदी निरखून पाहिलं. ते सविस्तर भेटीत सांगेन.

आता महत्त्वाचं. अकराजणांतून दोघंच राहिलो आहोत. पहिली मी आणि दुसरा कमलाकांत म्हणून एक मुलगा. पण खात्याचे मोठे सर म्हणाले, "तुम्हाला घ्यायला माझी ना नाही. पण या खात्यात मुलगी म्हटल्यावर घरच्यांचा विरोध होतो. मागे एकीचे वडील ऐन वर्षाच्या मध्यात येऊन तिला घेऊन गेले आणि जागा वाया गेली. तुमच्या वडिलांची लेखी संमती आणा." शनिवारी, २४ तारखेला दुपारपर्यंत ती त्यांच्या टेबलावर हवी. नाही तर जागा कमलाकांतला.

बाबा, तुमचं मन पुरतं वळलेलं नाही, हे मी विसरलेले नाही. मी तुम्हाला गळ घालणार नाही. पण तुमच्या दोन ओळींवर माझं सगळं अडलंय, हे तुम्हाला माहीत असावं.

उत्तराची वाट पाहते.

तुमची,
शालू

———

बोईसर, १७ डिसेंबर १९६६

चि. शालू हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. दुकानात कामाची गर्दी आहे, म्हणून हे पत्र रत्नाबाईंकडून लिहवून घेत आहे. संमतीचे आत्ता काही सांगता येत नाही. तू इकडे येऊ नये. नाताळच्या सुटीतही येऊ नये. तिकडेच राहावे, तब्येत सांभाळावी. मी पाठवलेले पोलके वापरू नये, कुणाला तरी देऊन टाकावे.

खंडेराव

शालू, इथपर्यंत त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं. आता हे खालचं मी माझं लिहिते आहे. ते ओट्यावर पाठ करून बसलेत, त्यांना वाटतंय मी पत्ता घालते आहे.

दुकानात गर्दी कसली, दुकान आठ दिवस बंद आहे. तुझं पोलकं शिवलं त्याच्या एक-दोन दिवसांनी त्यांच्या बोटांना फोड आले. आता दोन्ही पंजे सुजलेत, कातडी काळी पडून सोलली जाते आहे. फडकी गुंडाळून बसतात. पाण्याचा तांब्या वेगळा केलाय, मी भाजी नेली तर दारातच ठेवायला लावतात. त्यांच्या मनानं घेतलंय की हा महारोग आहे. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, "मी शालूच्या खात्याला नावं ठेवली, देवानं मलाच त्या खात्यात भरती केलं." मी हसले, ते हसले नाहीत.

या कागदालाही त्यांनी हात लावलेला नाही. म्हणतात, माझ्या हातचा कागद गेला तर पोरीला लागण होईल. आणि महारोग्याच्या मुलीला ती जागा कोण देणार, म्हणून तुला कळू द्यायचं नाही. मला शपथ घातली आहे. मी ती मोडते आहे. पोरी, लवकर काहीतरी कर.

रत्नाबाई

———

मुंबई, १९ डिसेंबर १९६६

तीर्थरूप बाबा,

नमस्कार नंतर. आधी मी सांगते ते करा.

फडकी सोडा. शिलाईची एक बारीक सुई घ्या आणि बोटाला जिथे कातडी सगळ्यात वाईट दिसते तिथे हळूच टोचा. शिंप्याला सुई टोचायची कशी, हे मी सांगायला नको. लागलं? ओरडलात? मग हा महारोग नाही. त्या रोगात त्या जागेचं कळणंच जातं. आता सांगा, खाज सुटते ना? जीव नकोसा होईल इतकी? तशी खाजही त्या रोगात नसते.

बाबा, तुम्हाला काय झालंय ते मी इथे बसून सांगते. तुम्ही माझ्या गळपट्टीत बिब्बा शिवलात. मला दृष्ट लागू नये म्हणून. बिब्बा कडक असतो, म्हणून तुम्ही सुई तापवून आरपार घातली असणार, आणि त्याचं काळं तेल दोन्ही हातांना लागलं असणार. ते अंगावर उततं. बायका बिब्ब्याला हात लावण्याआधी हाताला खोबरेल चोपडतात. तुम्हाला ते कोण सांगणार? रत्नाबाईंनाही वाटलं असेल, एवढं माहीत असेलच.

मला इतकं नेमकं कसं ठाऊक? कारण माझ्या मानेवरही तेच झालंय! नवं पोलकं आवडलं म्हणून मी ते मुलाखतीच्या आधी दोन दिवस घालून हिंडले. सोमवारी, मुलाखतीच्या सकाळीच, मान फोडांनी भरली. मुलाखतीत पदर लपेटून बसले होते, तरी एका सरांनी विचारलं, "डॉक्टर, सारखी मान का चोळताय?" पदर काढायला लावला. तिघंही उठून माझ्या मागे उभे राहिले. "बोला, निदान काय?" मी म्हणाले, नव्या कापडाचा रंग. तिघांनी नकारार्थी माना हलवल्या. मोठे सर म्हणाले, "गळपट्टी उलटून हात लावून पाहा." तुम्ही उसवू नकोस म्हणालेली ती गाठ हाताला लागली आणि मला कळलं. मी म्हणाले, "बिब्बा, सर. माझी आई नाही. वडिलांनी शिवलाय." तिघंही हसले, पण वाईट हसले नाहीत. मोठे सर म्हणाले, "म्हणजे वडिलांची संमती दिसतेच आहे. आता ती लेखी आणा."

हे मी तुम्हाला मागच्या पत्रात मुद्दाम लिहिलं नाही. तुम्ही इतक्या मायेनं शिवलेलं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. लिहिलं असतं तर तुमचे इतके दिवस असे गेले नसते. दोघं एकमेकांना जपायला गेलो आणि दोघंही खाजवत बसलो.

आणखी एक, नीट ऐका. हा महारोग नाही. पण असता, तरी त्याला आता गोळ्या आहेत, तो बरा होतो. आणि असता, तरी मी तुमच्या ताटात जेवले असते.

बुधवारी सकाळच्या गाडीनं येते. मलम आणते. ओट्यावर बसून राहा, दार लावून घेऊ नका.

तुमची,
शालू

———

बोईसर, २१ डिसेंबर १९६६

माननीय मोठे डॉक्टरसाहेब यांस,

खंडेराव शिंपी, राहणार बोईसर, यांचा नमस्कार.

माझी मुलगी शालू हिला तुमच्या खात्यात ठेवून घेण्यास माझी राजीखुशीनं संमती आहे. अक्षर वाकडं आहे, कारण बोटांना मलम लावलेलं आहे. ते तिनंच लावलं.

मला या खात्याची लाज वाटत होती. मग एक दुखणं अंगावर घेऊन मी दहा-बारा दिवस घरात लपून बसलो. साहेब, दुखण्यापेक्षा लपण्यानं माणूस जास्त खचतो, हे मला कळलं. मी तिला मध्येच घरी न्यायला येणार नाही. आलो तर रोगी म्हणून येईन.

आपला,
खंडेराव

———

मुंबई, ३० डिसेंबर १९६६

तीर्थरूप बाबा,

वाकून नमस्कार.

मिळाली! जागा मला मिळाली!

आज सकाळी सरांनी बोलावून सांगितलं. तुमचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "वडील शिकलेत किती?" मी म्हटलं, चौथी. त्यांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. कमलाकांतही भेटला, पेढे दे म्हणाला. बिचारा पुढच्या वर्षी पुन्हा बसणार आहे.

त्या बुधवारची आठवण मनातून जात नाही. तुम्ही ओट्यावर बसला होतात, हात शालीत. मी म्हटलं, दाखवा. तुम्ही म्हणालात, आत चल, रस्त्यावर नको. मी तिथेच खाली बसले आणि शाल ओढली. समोर चहावाल्याकडे बांधकामावरची सगळी माणसं उभी होती, कुणीतरी हिंदीत काहीबाही बोललं. मी तुमची बोटं एकेक करून हातात घेतली आणि तुम्ही लहान मुलासारखे रडायला लागलात. मला तेव्हा खूप बोलायचं होतं, आणि मी मलम लावत बसले. आता लिहिते. बाबा, तुम्ही मला फार आवडता.

दिवसातून दोनदा मलम. खाजवायचं नाही.

तुमची,
डॉ. शालू (आज पहिल्यांदाच 'डॉ.' लिहिताना बरं वाटलं)

———

बोईसर, १७ जानेवारी १९६७

चि. डॉक्टरीणबाई शालू यांस,

अनेकानेक आशीर्वाद. अक्षरावरून ओळखशील, हात माझे मला परत मिळाले. नवी कातडी आली आहे, गुलाबी. रत्नाबाई म्हणतात, मास्तर, तुमचे हात आता तुमच्यापेक्षा तीस वर्षांनी तरुण दिसतात.

दुकान जोरात आहे. काल संध्याकाळी पाच-सहाजण कपड्यासाठी थांबले होते. बांधकामावर एक सुपरवायझर नवा आला आहे, त्यानं विचारलं, "मास्तर, लेक कशाची डॉक्टर?" मी टेप गळ्यात अडकवला आणि सांगितलं, "चामडीची आणि गुप्तरोगाची." तू असतीस तर मजा पाहिली असतीस. एकजण फिदीफिदी हसला. सुपरवायझर आपल्या चड्डीची बटणं मोजायला लागला. मला वाटलं होतं की बोलून झाल्यावर लाज वाटेल. नाही वाटली. मी मशीन चालू केलं.

मग एकेकजण आपापले कपडे घेऊन निघून गेला. जिवल्या तेवढा राहिला. डोंगरातल्या पाड्यावरचा आहे, इथे सिमेंटची घमेली वाहतो. त्याच्याकडे कापड नव्हतं, शिवायला टाकलेलं काही नव्हतं. उगाच बटणांच्या बरणीकडे बघत उभा. मी म्हटलं, काय रे? तो बाहेर बघत म्हणाला, "मास्तर, तुमची पोरगी कवा येते?"

"का रे?"

"माजी बायको सोमी. तिच्या अंगावर हाय कायतरी. कोनाला दाखवत नाय. दोन महिनं झालं, पोरांना जवल घेत नाय ती. आमी भगताला दाखवलं, तो बी लांबूनच बोलला."

मी त्याला विचारलं नाही की काय आहे, कुठे आहे. माझे दोन्ही हात त्याच्यासमोर फळीवर ठेवले आणि म्हटलं, बघ. हे मी फडक्यात बांधून बसलो होतो. मला वाटलं होतं, संपलो. त्यानं वाकून माझी बोटं एकेक करून बघितली.

तर शालू, या रविवारी तुला यायचं आहे. मी दुकान बंद ठेवतो. मागच्या खोलीला जाड कापडाचा पडदा शिवून लावला आहे, आतलं बाहेर दिसत नाही. रत्नाबाई सोमीच्या सोबत बसतील. तो तिला पहाटे पाड्यावरून घेऊन निघेल.

जाताना पायरीवरून तो परत वळला. मला वाटलं, औषधाचं विचारणार. त्यानं विचारलं, "मास्तर, ती हात लावंल ना माज्या बायकोला?"

लावेल, असं मी तुझ्या वतीनं सांगून टाकलं आहे.

तुझा,
बाबा